एकशेवीस खण

सोमवार, २६ जून १९७८

त्याची खुर्ची रिकामी. तिच्यावर कुणीतरी कार्डांचा खोका ठेवलाय. सकाळी आल्या आल्या तो उचलून खाली ठेवला. चहा पिऊन आले तर पुन्हा खुर्चीवरच! कुणी ठेवला ते विचारलं नाही. विचारायला तोंड आहे का मला?

शनिवारचं लिहायला दोन दिवस धीर झाला नाही. आता लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

मुंबईचे डायरेक्टर सोलापूरला आले होते, गिरणीतलं नवं कॉम्प्युटर यंत्र बघायला. साहेब छाती काढून सांगत होते — दहा खाती, दीड हजार माणसं, सगळ्यांची हजेरी पंधरा मिनिटांत छापून तयार! आणि नेमकं तेव्हाच अडकलं. यंत्राला जोडलेल्या टाइपरायटरनं इंग्रजी अक्षरांत खडखडून दोन शब्द छापले — ‘जागा नाही’. हा निरोप मानसिंगनं हौसेनं मराठीतून घातलेला. एक डायरेक्टर हसले. "काय हो, इथेही जागा नाही का?" साहेबांचा चेहरा लालबुंद. "चूक कुणाची ही?" — सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघून.

यंत्राच्या पोटात जो कारभारी कायम बसलेला असतो, कुणाला मेमरीत किती जागा द्यायची, कुणाची पाळी कधी, हे सगळं ठरवणारा — तो मॉनिटर नावाचा प्रोग्रॅम आम्ही दोघांनी मिळून लिहिला. कार्ड वाचायचा भाग माझा. जागा द्यायचा भाग मानसिंगचा.

मी बोट केलं. म्हटलं, "तो भाग यांचा."

यांचा! दीड वर्ष एका टेबलावर डबा खाल्ला आणि ‘यांचा’! खोटं नव्हतं ते. जागेचा भाग त्याचाच. पण मला कुणी शपथेवर विचारलं नव्हतं. ऑफिसात महिनाभर आमच्यावरून कुजबुज चालली होती, म्हणून परक्यासारखं नाव टाळून बोलले. मी कायम, तो हंगामी. साहेबांनी संध्याकाळी सांगून टाकलं, सोमवारपासून येऊ नका.

तो एवढंच म्हणाला, "माझंच काहीतरी चुकलं असेल, साहेब. बघतो." मॉनिटरच्या कागदांची एक प्रत काखेत मारली आणि गेला. माझ्याकडे बघितलं नाही.

मंगळवार, २७ जून

ठरवलंय. रडून काही होत नाही (काल बरंच करून बघितलं). त्याच्या भागात बेचाळीस ओळी आहेत. त्यातली चुकलेली ओळ शोधायची. सापडली की साहेबांपुढे ठेवायची — बघा, एवढीशी चूक! एवढ्यासाठी कुणी माणूस घालवतं का? बोलवा परत. मग सांगोल्याला, त्याच्या गावी, पत्र टाकायचं.

बेचाळीसच तर ओळी. आठवडा पुरे.

शनिवार, १ जुलै

आठवडा पुरला नाही. ओळ न् ओळ बरोबर दिसते. इतकं नेटकं लिहिलंय की चीड येते!

शनिवार, ८ जुलै

आज पुन्हा अडकलं. दुपारी बारा वाजता. ‘जागा नाही’.

मी साहेबांना म्हटलं, तासभर द्या, मेमरीत काय भरलंय ते सगळं छापून काढते, बघता येईल. साहेब म्हणाले, "दुसरी पाळी दारात उभी आहे, तुमचं संशोधन राहू द्या. नऊ मिनिटांत चालू करा." केलं. या यंत्राची मेमरी चुंबकी मण्यांची — वीज घालवली तरी काही विसरत नाही, सकाळी बटण दाबलं की कालच्याच जागेवरून पुढे. म्हणून अडकलं की एकच इलाज. कागदी फितीवरून मॉनिटर नव्यानं भरायचा. मग जुनं सगळं पुसलं जातं आणि यंत्र शहाण्यासारखं चालतं. का अडकलं होतं, तेही पुसलं जातं. दर वेळी हेच!

टाइम ऑफिसचे सिद्धाराम हजेरी न्यायला आले होते. तीस वर्षं गिरणीच्या फाटकावर काढलेला माणूस. म्हणाले, "बाई, ह्ये दर दोन शनवारी बसतंय बगा. मारुतीला तेल घाला की." मी चिडून म्हटलं, यंत्राला तेल चालत नाही. पण घरी येऊन कॅलेंडर काढलं. २७ मे, १० जून, २४ जून, ८ जुलै. खरंच की! एकाआड एक शनिवार.

शनिवारी आठवड्याची बेरीज छापतो. ते काम जागा जास्त खातं. त्या घाईत मानसिंगचा भाग गडबडत असणार. तिथंच बघायचं.

बुधवार, १२ जुलै

सात रस्त्यावर आज एक माणूस पाठमोरा दिसला. तसाच शर्ट, मान तशीच जराशी तिरकी. भर गर्दीत धावत गेले. कुणी भलताच. "काय हो बाई?" म्हणाला. काही नाही म्हटलं.

मेमध्ये याच रस्त्यावर मानसिंगनं विचारलं होतं. चारचौघांत तो ‘तुम्ही’ म्हणायचा, एकटे असलो की ‘तू’. रसाचा पेला हातात धरून, पेल्याकडे बघत म्हणाला, "एकदा गावाकडे येशील का? आई तुला बघायचं म्हणते." आम्ही दुधनीचे लिंगायत, दादा आडतीवर बसणारा, घरात कन्नड बोलणारी माणसं. सांगोल्याच्या मराठ्याच्या घरी मी कशाला जाते म्हणून सांगायचं? मी म्हटलं, "बघू." तो म्हणाला, "बघ की. घाई नाही." आणि रस संपवला. माझा पेला तसाच राहिला होता, तोही त्यानंच संपवला.

बघू म्हणे! काय बघायचं राहिलं होतं?

शनिवार, १५ जुलै

आज अडकलं नाही. अडकणारच नव्हतं, पाळी पुढच्या शनिवारची. दुधनीला जाऊन आले. आईला, आमच्या अव्वाला, ओझरतं सांगितलं, ऑफिसातला एक जण गेला माझ्यामुळे. भाकरी थापता थापता म्हणाली, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. अव्वाला सगळ्यावर हेच औषध. दूध उतू गेलं तरी होगली बिडु.

सांगोल्याला दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही.

शनिवार, २२ जुलै

बारा वाजून दहा मिनिटं. अडकलं.

यावेळी मी तयारीत होते. त्याच्या भागातल्या चार ओळी बदलून नवी फीत करून ठेवली होती. परत आलेली जागा तो यादीच्या शेवटी लावायचा, मी सुरुवातीला लावली. त्यानं का फरक पडावा ते मला नीट सांगता येणार नाही. पण काहीतरी करायला हवं ना! त्याच्या ओळींवर फुली मारली. नवी फीत भरली.

मंगळवार, २५ जुलै

कार्डं पंच करणाऱ्या फुलाबाई रजेवर — भाचीचं लग्न, सोमवार ते गुरुवार. बदली नसीमा आलीय. हात वाऱ्यासारखा चालतो, बोलते मात्र मोजून.

शनिवार, ५ ऑगस्ट

अडकलं नाही!!

बारा वाजले, एक वाजला, पाच वाजले. आठवड्याची बेरीज सरळ छापून आली. साहेब स्वतः येऊन गेले. "शाब्बास. म्हणजे दोष त्या भागातच होता." मी म्हटलं, "हो."

इथं खरं लिहायचं तर — आनंद झाला. यंत्राचा नव्हे. माझं बोट बरोबर दिशेला गेलं होतं, याचा. दीड महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवले. चूक त्याचीच होती, मी नुसतं खरं ते सांगितलं! घरी येताना गुणगुणतसुद्धा होते. ताट घासायला बसले आणि मग त्याची आठवण आली. ताट तसंच ठेवून उठले.

सोमवार, ७ ऑगस्ट

साहेबांसाठी अर्ज लिहायला घेतला. ‘सदर दोष किरकोळ स्वरूपाचा होता. तरी श्री. मानसिंग यांना परत घेण्याबाबत विचार व्हावा.’ कोरडं वाटतं. उद्या पुन्हा लिहीन.

गुरुवार, १० ऑगस्ट

अडकलं. गुरुवारी! शनिवार नाही, बेरीज नाही, काही नाही. भर दुपारी टाइपरायटर खडखडला, ‘जागा नाही’.

थोबाडीत बसल्यासारखं झालं. म्हणजे माझ्या चार ओळींनी काहीच झालं नव्हतं. त्याचं चांगलं चाललेलं लिखाण उगाच मोडून ठेवलं मी.

साहेब मुंबईला गेलेले. सिद्धाराम हजेरीसाठी उभे. मी खाली मान घालून बसले होते, तर स्टूल ओढून समोर बसले. "बाई, ह्यो जागा न्हाय म्हंतोय त्यो कोन?"

म्हटलं, जागा देणारा. त्याच्याजवळ एकशेवीस खण आहेत. कार्ड वाचायला आलं की एक खण द्यायचा, काम झालं की परत घ्यायचा. खण संपले की तो ओरडतो.

"म्हंजी आमच्या बिल्ल्यावानीच की!" फाटकावर त्यांचा लाकडी बोर्ड आहे, खिळ्यांवर पितळी बिल्ले. कामगार आत येताना बिल्ला काढून नेतो, जाताना परत टांगतो. "आता माजा बोर्ड मोकळा पडला तर तुमी माजी मान धरनार व्हय? म्या तर दिला की. ज्यानं नेला आन् टांगला न्हाय, त्येला धरा!"

दीड महिना मी देणाऱ्याला धरून बसले होते!

"काका, मला दोन तास हवेत. यंत्र असंच ठेवायचंय."

"घ्या की. म्या हातानं हजेरी मांडतो. तीस वरीस तेच केलंय." आणि गेलेसुद्धा.

सगळी मेमरी छापून काढली. कागदाची थप्पी गुडघ्याएवढी. नुसते आकडे. पेन्सिल घेऊन एकेक खण शोधत गेले. पहिला खण — सुरुवातीला तीन आकडे, पुढे रिकामं. दुसरा — तेच तीन आकडे. तिसरा तोच. दहावा तोच. एकशेवीसपैकी एकशे अठरा खणांत तेच तीन आकडे, एका अक्षराचा फरक नाही! तक्ता उघडून अक्षरं लावली, एका आकड्यात दोन अक्षरं बसतात.

स्टार. मग एस, एच, आर, आय.

श्री.

यंत्राच्या पोटात एकशे अठरा वेळा ‘श्री’ लिहिलेलं. मला हसूच आलं. एकटी बसून मोठ्यानं हसले. आणि मग हसू थांबलं, कारण ते कुठून आलं ते मला माहीत होतं.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

पाडव्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. त्याआधी यंत्र एकदाही अडकलेलं नव्हतं — हे दीड महिन्यात एकदाही आठवलं नाही मला!

पाडव्यापासून सगळ्या दहा खात्यांची हजेरी यंत्रावर घ्यायची होती. फुलाबाई म्हणाल्या, "ताई, कोऱ्या कागदावर आपण आधी श्री लिहितो. मग गठ्ठ्याला नको व्हय?" त्यांनी प्रत्येक खात्याच्या गठ्ठ्यावर पहिलं कार्ड ‘श्री’चं पंच करून ठेवलं. हजेरी छापून आली तर प्रत्येक खात्यात पहिला कामगार — श्री, गैरहजर! मानसिंग खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. फुलाबाईंचा चेहरा एवढासा झाला. देव गैरहजर म्हणजे काय!

मी म्हटलं, काढू नका कार्ड. फक्त आधी एक स्टार मारा. स्टार दिसला की यंत्र ते कार्ड सोडून पुढचं वाचेल, असं मी करते. माझ्या भागात दोन ओळी घातल्या. दहा मिनिटांचं काम. फुलाबाई खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी पेढे वाटले.

काल त्या दोन ओळी काढून बघितल्या. बघायलाही नकोत, पाठ आहेत. कार्ड येतं, खण घेतला जातो, स्टार दिसला की उडी मारून परत वर — पुढच्या कार्डासाठी नवा खण घ्यायला. आणि जुना? जुना परत द्यायची ओळ उडीच्या खाली राहिली. तिथं कुणी जातच नाही. दर श्रीला एक खण गेला तो गेलाच.

रोज दहा गठ्ठे. दहा श्री. एकशेवीस खण. बारा दिवस. रविवार सोडला की एकाआड एक शनिवार! दुसरीतल्या पोराला जमेल असं गणित.

मग यावेळी गुरुवार का? नसीमाला बोलावलं. तिनं घाबरतच सांगितलं, "मैं नै डालती वो कार्ड. फुलाआपा का है वो. मेरेकू किसीने बोला नै." चार दिवस, चाळीस कार्डं कमी, चाळीस खण वाचले, म्हणून चार दिवस जास्त चाललं. म्हणजे ५ तारखेचा माझा आनंद नसीमाच्या चार दिवसांचा होता. ती विचारत होती, काही चुकलं का? म्हटलं, नाही गं. तुझं काही नाही.

कार्ड फुलाबाईंचं, पण चूक त्यांची नाही. चूक माझ्या दोन ओळींची. मानसिंगच्या बेचाळीस ओळींत काही नव्हतं. कधीच नव्हतं.

मी त्याला घालवला. माझ्या चुकीसाठी, बोट दाखवून.

शनिवार, १२ ऑगस्ट

एक ओळ हलवली. खालची वर घेतली. नवी फीत केली, त्याच्या चार ओळी होत्या तशा परत लावल्या. सगळं मिळून पाव तास.

सोमवार, १४ ऑगस्ट

साहेबांना सांगितलं. सगळं, कागद पुढे ठेवून. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"यंत्र आता चालतंय ना?"

"हो."

"मग झालं तर."

म्हटलं, मानसिंगना परत बोलवायला हवं. तर म्हणाले, "भलत्याच माणसाला काढला असं मुंबईला मी लिहू? आणि तुम्ही तरी कशाला अंगावर ओढून घेता? तो गेला, विषय मिटला. बाईमाणूस आहात, नोकरी सांभाळा." कागद माझ्याकडे सरकवला. "हे फाडून टाका."

फाडलं नाही.

बुधवार, १६ ऑगस्ट

मुंबईच्या ऑफिसला मीच लिहिलं. माझं नाव, माझ्या दोन ओळी, तारखा. रजिस्टर करून पाठवलं. दादाला कळलं तर म्हणेल वेड लागलं. नोकरी गेली तर जाऊ दे. नाही — जाऊ नये. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू?

रविवार, २० ऑगस्ट

सांगोल्याला गेले. पत्रांना उत्तर येत नाही तर समोर जाऊन सांगावं म्हणून. सकाळची एस.टी. विचारत विचारत घर सापडलं, गावाबाहेर बाभळीच्या कुंपणाआड. अंगणात त्याची आई शेंगा फोडत बसलेली. बजाबाई. डोळे अगदी त्याचे.

"कुनाच्या म्हनायच्या तुमी?"

सोलापूरहून आले म्हटलं, मिलच्या ऑफिसातून. लगबगीनं घोंगडं अंथरलं. "बसा की. मानू न्हाय घरात. मामाच्या टरकावर गेलाय, हुबळीकडं. पंदरा दिस झालं." शेंग फोडली. "एवडं शिकवलं त्येला, आन् आता टायर बदलतोय."

मी विचारलं, नोकरी नाही शोधली?

"कुटली नोकरी! आल्यापास्नं त्यो कागदाचा भेंडोळा घिऊन बसायचा. आये, म्हनायचा, बेचाळीस वळी हायत, ह्यातली एक खोटी हाय. तेवडी घावली की जातो परत. जेवताना बी ताटात बोटानं आकडं काडायचा. म्हयनाभर त्येच. मग एक दिस म्हनला, घावत न्हाय आये, माजं डोस्कंच खोटं हाय. आन् उटून गेला."

तिकडे तो, इकडे मी. त्याच बेचाळीस ओळी, एकच महिना.

मी म्हटलं, "आई, चूक त्यांची नव्हती. माझी होती. परवा सापडली."

बजाबाईंचे हात थांबले. "मग तवाच का न्हाय बोलला?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"म्हाईत न्हवतं, तर त्येचं नाव कशापायी घितलं?"

मी रडायला लागले. दुसऱ्याच्या अंगणात, घोंगड्यावर बसून, लहान पोरीसारखी. त्यांनी मला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाकरी खाऊन जावा. यष्टी चारला हाय." भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. खाल्ली. त्याच्यासाठी लिहून नेलेलं पत्र त्यांच्या हातात दिलं. दोन्ही हातांनी घेतलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

त्यांना कळलं असेल का, ज्या मुलीला बघायचं म्हणाल्या होत्या ती हीच म्हणून? मी सांगितलं नाही.

सोमवार, २१ ऑगस्ट

झोप नाही. एकच डोक्यात. त्यांच्या घरात फळीवर ते भेंडोळं होतं, फडक्यात बांधलेलं. जाडीवरून कळत होतं, त्यात नुसत्या बेचाळीस ओळी नाहीत. अख्खा मॉनिटर आहे, माझ्या भागासकट. आणि मानसिंगसारख्या माणसाच्या हातात कागद आहे, महिनाभर आहे, तर त्याला ती उडी दिसणार नाही? पहिल्या दिवशी दिसली असणार! मग आईला म्हणाला ते काय? आई विचारते म्हणून काहीतरी सांगायचं.

म्हणजे त्याला माहीत होतं. माझी चूक सापडली आणि त्यानं झाकून ठेवली. मला वाचवलं!

आधी राग आला. कुणी सांगितलं होतं वाचवायला? मग — बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. एवढं ज्यानं केलं त्याच्या मनात मी अजून असणार. आणखी एक पत्र टाकलं. ‘तुला ठाऊक होतं ना? मग बोलला का नाहीस? ये आता. मी तुझ्याबरोबर गावाकडे येते, कुणाला काय सांगायचं ते मी सांगते.’

शनिवार, २६ ऑगस्ट

पाळीचा शनिवार. बारा वाजता सिद्धाराम मुद्दाम येऊन उभे राहिले. अडकलं नाही. म्हणाले, "घावला न्हवं बिल्ला नेनारा?" म्हटलं, घावला. "कोन हुता?" मी होते काका, म्हटलं. त्यांना गंमत वाटली. हसत हसत गेले.

शुक्रवार, १ सप्टेंबर

मुंबईचं पत्र! मला लेखी ठपका, दोन वर्षं बढती नाही. आणि मानसिंगना परत घेण्यास हरकत नाही, कायम म्हणून. तसं पत्र सांगोल्याला परस्पर गेलंय. साहेब माझ्याशी बोलत नाहीत, न बोलोत!

खुर्चीवरचा खोका उचलला. खुर्ची ओल्या फडक्यानं पुसली. फुलाबाई म्हणाल्या, "ताई, कुनी येनार हाय व्हय?" म्हटलं, येईल.

शनिवार, ९ सप्टेंबर

पोस्टकार्ड. त्याचं अक्षर.

‘तुझी पत्रं मिळाली, मुंबईचंही. मी येणार नाही. तू समजतेस तसं मी काही झाकलं नव्हतं. माझा भाग शंभरदा तपासला. तुझा एकदाही उघडला नाही. तुझी चूक असेल, हे मनातच आलं नाही.’